डॉरचं बंड, ऱ्होड आयलंड १८४२: एकाच राज्यात दोन गव्हर्नर, खरा कोण?

मुळाकाठचा:
अमेरिका स्वतंत्र झाली म्हणजे निदान गोऱ्या पुरुषांना तरी लगेच मत मिळालं असणार असं आपण धरून चालतो. ऱ्होड आयलंडात तसं काही झालं नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं १६६३ मध्ये या वसाहतीला सनद दिली होती. राजाशी लढून झालं, १७७६ होऊन गेलं, बहुतेक राज्यांनी आपापल्या घटना लिहून काढल्या, आणि हे पठ्ठे त्याच राजाच्या सनदेवर १८४३ पर्यंत कारभार हाकत बसले.

मत कुणाला, तर ज्याच्या नावावर १३४ डॉलरची जमीन किंवा घर आहे त्याला, आणि त्याच्या थोरल्या मुलाला. बाकी सगळे बाहेर. गावं शेतकऱ्यांची होती तोवर हे खपून गेलं. पण १७९० च्या सुमाराला पॉटकेट गावी स्लेटर नावाच्या माणसानं यंत्रावर सूत काढायला सुरुवात केली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत नदीच्या काठानं गिरण्याच गिरण्या झाल्या, तिथले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहणारे, त्यांच्याकडे कुठली आलीय जमीन. १८४० पर्यंत निम्म्याहून जास्त सज्ञान गोऱ्या पुरुषांना मत नव्हतं.

वर जागावाटपही सनदेतच बांधून दिलेलं. न्यूपोर्टला ६, प्रॉव्हिडन्स, पोर्ट्समथ आणि वॉरिकला प्रत्येकी ४, उरलेल्या गावांना २-२. आता १८४० ची जनगणना बघा: न्यूपोर्ट ८ हजार, प्रॉव्हिडन्स २३ हजार.

शेवटी १८४१ मध्ये लोकांनी विधिमंडळाला न विचारताच प्रतिनिधी निवडले, घटना लिहिली आणि डिसेंबरात त्यावर स्वतःच मतदान घेतलं. बाजूनं १३,९४४, विरोधात ५२. एप्रिल १८४२ मध्ये एकाच आठवड्यात दोन निवडणुका झाल्या, लोकांच्या घटनेखाली थॉमस विल्सन डॉर गव्हर्नर, सनदेखाली सॅम्युअल वॉर्ड किंग गव्हर्नर. मग तोफा निघाल्या. ते प्रतिसादांत येईलच.

माझा प्रश्न असा की ज्यांना मत नाही त्यांनी ते मागायचं कुणाकडे? ज्यांना आहे त्यांच्याकडेच ना. ते वर्षानुवर्षं देत नाहीत, मग काय करायचं? मी डॉरच्या बाजूचा आहे, आधीच सांगून ठेवतो.

खोडरबर:
थोरल्याला मत आणि धाकट्याला नाही!! म्हणजे वाटण्यांच्या आधीच भांडण. मी शेंडेफळ असल्यामुळे डॉरला बिनशर्त पाठिंबा.

अनघा_र:
वाचनखूण साठवलीये. विषय नवीन आहे मला. हा डॉर स्वतः गिरणी कामगार होता का?

प्रॉव्हिडन्सकर:
अनघाताई, कामगार कसला, अगदी उलटं. मी इथेच राहतो म्हणून सांगतो. बेनिफिट स्ट्रीटवर १०९ नंबरला त्याच्या वडिलांचा वाडा आजही उभा आहे, तीन मजली, रस्त्याच्या वर चढावर, समोरून गेलात तर मान वर करूनच बघावं लागतं. वडील सलिव्हन डॉर, चीनच्या व्यापारात पैसा केलेला माणूस, तरुणपणी कँटनला अमेरिकेचा कॉन्सल होता. मुलगा १८०५ चा, हार्वर्डला शिकला, न्यूयॉर्कला चॅन्सेलर केंट या नामवंत कायदेपंडिताकडे वकिली शिकला, परत येऊन विधिमंडळात निवडून गेला, शहराच्या शाळा समितीचा अध्यक्ष झाला. लग्न केलं नाही. म्हणजे मत नसलेल्यांसाठी भांडणारा माणूस स्वतः चांगला खानदानी मतदार.

आता आर्सेनलची रात्र. १७-१८ मे १८४२. क्रॅन्स्टन स्ट्रीटवर राज्याचं शस्त्रागार होतं. डॉर दोनेकशे माणसं आणि दोन तोफा घेऊन मध्यरात्रीनंतर तिथं पोचला. धुकं इतकं दाट की कोण कुठे उभं आहे ते कळेना. आत जे लोक शस्त्रागार राखायला बसले होते त्यांत कोण होते सांगा? त्याचे वडील, भाऊ आणि मामा. त्याला ते ठाऊक होतं. त्यानं आत निरोप पाठवला, शरण या. आतून नकार आला. मग त्यानं तोफांना बत्ती द्यायला सांगितली.

तोफा क्रांतियुद्धाच्या काळातल्या. नुसती कानाशी दारू भुर्रकन पेटली, गोळा काही बाहेर पडला नाही. दुसरीचंही तेच. धुक्यात उभी असलेली माणसं एकेक करत घरी निघून गेली आणि उजाडेपर्यंत डॉरकडे मूठभर लोक उरले.

शेवटचा_बाक:
एवढी क्रांती आणि तोफ फुस्स. दिवाळीत आमच्या गल्लीत सुतळी बॉम्बला याहून जास्त मान असतो.

दिगूकाका:
बाक महाशय, हसू नका. तोफ उडाली असती तर बापावर आणि भावावर गोळा पडला असता. बरं झालं नाही उडाली. आणि नंतर तो आयुष्यभर आईवडिलांच्या दारी कुठल्या तोंडानं गेला असेल?

प्रॉव्हिडन्सकर:
काका, गंमत म्हणजे घरच्यांनी त्याला टाकलं नाही. मत पटत नव्हतं तरी आईवडील शेवटपर्यंत त्याच्या सुटकेसाठी खटपट करत होते.

नियमात_बसवा:
धागाकर्त्यांनी फार गोड चित्र रंगवलंय म्हणून जरा आंबट लिहितो.

१३,९४४ विरुद्ध ५२ हा आकडा बघूनच शंका यायला पाहिजे. कुठल्याही खऱ्या निवडणुकीत असा निकाल लागतो का? ज्यांना हा प्रकारच बेकायदा वाटत होता ते तिकडे फिरकलेच नाहीत, मग विरोधी मतं येणार कुठून. मतदान अनेक दिवस चाललं, पुढचे काही दिवस तर दुसऱ्याच्या हाती मत पाठवायचीही सोय होती, तपासणारे हेच आणि मोजणारेही हेच. उद्या मी माझ्या लोकांचं मतदान घेतो आणि सांगतो की बहुमत माझं, आजपासून महापौर मी. चालेल?

आणि दुसरं. डिसेंबरात चौदा हजार, आणि एप्रिलमध्ये प्रत्यक्ष डॉरला गव्हर्नर निवडायची वेळ आली तेव्हा ६,३५९. बाकीचे साडेसात हजार कुठे गेले? सही करायला सगळे, निस्तरायला कुणी नाही. अशा पाठिंब्यावर शस्त्रागारावर तोफा रोखणं हा शुद्ध वेडेपणा होता.

मुळाकाठचा:
नियमात_बसवा, मुद्दे चांगले आहेत पण अर्धे आहेत.

एप्रिलमध्ये आकडा का पडला? कारण २ एप्रिलला सनदवाल्या विधिमंडळानं कायदा केला की या लोकांच्या निवडणुकीत भाग घेणं गुन्हा, आणि तिच्याखाली पद घेतलं तर राजद्रोह, जन्मठेप. लोकांनी त्याला 'अल्जेरियन कायदा' म्हणायला सुरुवात केली, अल्जिअर्सच्या जुलमी सुलतानीवरून. जन्मठेपेची टांगती तलवार असताना सहा हजारांवर लोक जाऊन मत देतात ही कमी गोष्ट नाही हो.

आणि डिसेंबरातल्या चौदा हजारांत ४,९६० जण जुन्या नियमानेही मतदार होते. हा आकडा डॉरच्या लोकांनी मुद्दाम वेगळा काढून ठेवला होता, म्हणजे तुम्ही म्हणाल ते माप लावा, सगळे पुरुष धरा नाहीतर नुसते जमीनवाले धरा, बहुमत आमचंच असं त्यांना दाखवायचं होतं.

शिवाय अर्ज करून झाले नव्हते का? सेथ लूथर नावाचा सुतार १८३३ मध्येच गिरणी कामगारांपुढे मताधिकारावर भाषणं करत होता. १८३४ मध्ये डॉरनं आणि इतरांनी घटनेसाठी पक्ष काढला, निवडणुका लढवल्या, तीन-चार वर्षांत तो पक्ष विझला. कसा टिकणार, ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांना मतच नाही तर निवडून कोण देणार!

वकिली_डोकं:
एक कायद्याची बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. सगळे म्हणतात सनदेत जमिनीची अट होती. सनदेत जागावाटप होतं, मत कुणाला हे मात्र विधिमंडळ स्वतःच्या कायद्यानं ठरवायचं. १३४ डॉलर हा आकडा १७९८ च्या कायद्यातला. म्हणजे मनात असतं तर साध्या बहुमतानं एका दुपारी हा विषय संपवता आला असता. राजानं हात बांधले होते ही सबब चालत नाही. उलट सनद बदलायची कशी याबद्दल सनदेत अवाक्षर नाही, त्यामुळे 'योग्य मार्गानं या' म्हणणाऱ्यांना योग्य मार्ग कुठला ते दाखवता येत नव्हतं.

डॉरचा युक्तिवाद सोपा होता. राजा गेला तेव्हा सार्वभौमत्व लोकांकडे आलं, जमीनदारांकडे नाही. मग लोकांना वाटेल तेव्हा नवी घटना करता येते, त्याला जुन्या सरकारची परवानगी लागत नाही. आणि हे तो हवेतलं बोलत नव्हता, १७७६ चा जाहीरनामा हेच म्हणतो.

नियमात_बसवा:
जाहीरनामा म्हणतो ते ठीक, पण १७७६ वाले जिंकले म्हणून ते राष्ट्रपिते. हरले असते तर फासावर. डॉर हरला.

चहाटळ:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

रुपेरी_कडा:
आमच्या सोसायटीत भाडेकरूला मत नाही, मीटिंगला येऊन बसायचं, चहा प्यायचा, पण हात वर करायचा नाही. आणि पाणीकपात मात्र भाडेकरूलाच आधी. गेल्या वर्षी एका भाडेकरूनं विचारलं की आम्ही निम्मे फ्लॅट आहोत तर निदान एक प्रतिनिधी घ्या, तर सेक्रेटरीनं नियमांचं पुस्तक आणून वाचून दाखवलं. थेट सॅम्युअल वॉर्ड किंग. :)

शेवटचा_बाक:
मग भाडेकरूंनी तोफ आणली की नाही?

रुपेरी_कडा:
नाही, दुसऱ्या सोसायटीत गेले.

दिगूकाका:
सोसायटी कशाला, आपल्या विधान परिषदेत पदवीधरांचे ७ मतदारसंघ आहेत की अजून. शिक्षकांचे ७ वेगळे. डिग्री असेल तर जादाचं मत.

आणि इतिहासच काढायचा तर १९१९ मध्ये मताधिकारावरच्या साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा म्हणून साक्ष दिली, आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सरळ सगळ्या सज्ञान स्त्री-पुरुषांना मत द्या अशी मागणी केली. तेव्हा आपल्याकडे मत मालमत्तेवर आणि सारा किती भरता त्यावर होतं. १९३५ च्या कायद्यातही मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटी होत्याच. सगळ्यांना मत मिळालं ते १९५१-५२ च्या निवडणुकीत, एका फटक्यात. आपण ते गृहीत धरतो म्हणून अशा गोष्टी वाचायला पाहिजेत.

अनघा_र:
काका, नेमकं बाबासाहेबांचं नाव काढलंत आणि मला जे लिहायचं होतं तेच आलं. कालपासून यावर वाचत बसलेय.

'लोकांची घटना' म्हणजे कोणते लोक? १८४१ च्या ऑक्टोबरात त्या सभेत 'गोरा' हा शब्द ठेवायचा की काढायचा यावर वाद झाला. ऱ्होड आयलंडनं १८२२ मध्ये कायदा करून काळ्या पुरुषांचं मत काढून घेतलेलं होतं. आता नवी घटना, मताचा हक्क माणसाला माणूस म्हणून, मग आम्हाला वगळू नका, असा प्रॉव्हिडन्सच्या काळ्या नागरिकांचा अर्ज घेऊन अलेक्झांडर क्रमेल नावाचा तरुण धर्मोपदेशक आला. डॉर त्यांच्या बाजूनं बोलला. सभेनं ऐकलं नाही. 'गोरा' राहिला. आधी घटना मंजूर होऊ दे, मग या एका प्रश्नावर वेगळं मतदान घेऊ, असं सांगून वाटेला लावलं. तेव्हा डॉरनं काय केलं? काही नाही. त्याच घटनेखाली गव्हर्नर झाला.

डिसेंबरात फ्रेडरिक डग्लस, ॲबी केली, स्टीफन फॉस्टर हे गुलामगिरीविरोधी लोक राज्यभर फिरून या घटनेच्या विरोधात सभा घेत होते. डॉरवाल्यांच्या जमावांनी त्यांच्या सभा उधळल्या. डग्लस तेव्हा गुलामीतून पळून येऊन तीन वर्षं झालेला माणूस, त्याच्या सभेत धुडगूस घालणारे कोण, तर मताचा हक्क मागणारे कामगार.

म्हणून मुळाकाठचा, तुमच्या पहिल्या पोस्टमधला 'लोकांनी' हा शब्द मला पचत नाही.

प्राजक्ता७८:
+१ अनघा. आणि याच्या पुढचा भाग तर आणखी भारी आहे. जूनमध्ये मार्शल लॉ लागला तेव्हा प्रॉव्हिडन्सच्या दोनशेच्या आसपास काळ्या पुरुषांनी सनदवाल्या सरकारच्या बाजूनं बंदुका उचलल्या, शहरात पहारे दिले. आणि त्याच वर्षी सनदवाल्यांनी जी नवी घटना आणली तिच्यात 'गोरा' ठेवायचा का हा प्रश्न मतदारांपुढे वेगळा ठेवला. ४,०३१ विरुद्ध १,७९८ नं 'गोरा' उडाला. म्हणजे ज्यांना आपण धाग्यात खलनायक केलंय त्यांनी काळ्यांना मत परत दिलं, आणि ज्यांना नायक केलंय त्यांनी नाकारलं होतं. एकदा गेलेलं मत असं परत मिळाल्याचं त्या काळात दुसरं उदाहरण शोधून दाखवा.

नियमात_बसवा:
बघा. मी काय म्हणत होतो.

प्राजक्ता७८:
नियमात_बसवा, इतके खूश होऊ नका. तुमच्या लोकांनी काही तत्त्वासाठी दिलं नाही. बंदूक धरली म्हणून बक्षीस दिलं. शिवाय काळी माणसं थोडी होती, त्यांची भीती नव्हती. भीती होती आयरिश लोकांची. १८४३ ला लागू झालेल्या घटनेत इथं जन्मलेल्याला एक डॉलर कर भरून मत, पण बाहेरून येऊन नागरिक झालेल्याला तीच जुनी १३४ डॉलरच्या जमिनीची अट. सनदवाले आयरिश कॅथलिकांचा बागुलबुवा दाखवूनच गावागावात मतं मागत होते, डॉर आला तर पोपचं राज्य येईल म्हणून. एकाला आत घेतलं, दुसऱ्याच्या तोंडावर दार लावलं.

मुळाकाठचा:
अनघा, प्राजक्ता, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि 'गोरा' ठेवणं हा त्या चळवळीवरचा डाग आहेच. पण डाग आहे म्हणून मागणी खोटी ठरत नाही. गिरणीत दिवसाचे बारा-तेरा तास राबणाऱ्या माणसाला मत नव्हतं ही गोष्ट तशीच राहते. आणि सनदवाल्यांनी १८४२ च्या नोव्हेंबरात जी घटना मंजूर केली ती काय त्यांना पहाटे साक्षात्कार झाला म्हणून? त्याच मार्चमध्ये त्यांनी एक अर्धवट घटना पुढे केली होती, ती ८,६८९ विरुद्ध ८,०१३ नं पडली. मग मेमध्ये तोफा दारात आल्या आणि सहा महिन्यांत जमिनीची अट गेली. पन्नास वर्षांत अर्जांनी जे झालं नाही ते फुस्स झालेल्या तोफांनी झालं.

खोडरबर:
डॉरला अर्ज करून बघा, अनघाला तोफा लावून बघा. माझा पास.

अनघा_र:
:)

जोशीबुवा_बोस्टन:
उशिरा आलो. बेनिफिट स्ट्रीटचा विषय निघालाय आणि मुळाची गोष्ट कुणीच सांगितली नाही?? ऱ्होड आयलंडचा संस्थापक रॉजर विल्यम्स १६८३ मध्ये वारला, त्याला त्याच्याच जागेत पुरलं होतं. ती जागा पुढे डॉरच्या घरामागच्या आवारात आली. १८६० मध्ये त्याचे अवशेष नीट स्मारकात ठेवावेत म्हणून खणलं तर हाडं जवळजवळ नाहीतच, एक सफरचंदाच्या झाडाचं मूळ सापडलं, कंबरेपाशी वळलेलं, पुढे दोन फाटे फुटून पायांसारखं गेलेलं, टोकाला पावलांसारखं वर उचललेलं. झाडानंच संस्थापकाला खाल्लं असं लोक म्हणू लागले. ते मूळ जॉन ब्राउन हाउस म्युझियममध्ये जपून ठेवलंय.

चहाटळ:
हायला! धागा मताधिकारावरून सफरचंदावर. शतक होणार बहुतेक.

दिगूकाका:
ती सफरचंदं नंतर खाल्ली कुणी ते शोधा आधी.

प्राजक्ता७८:
अवांतरच चाललंय तर बायकांचं पण येऊ द्या. या सगळ्यात बायकांना मत द्या असं कुणीच म्हणत नव्हतं, डॉरसुद्धा नाही. पण उठाव मोडल्यावर पुरुष तुरुंगात नाहीतर परराज्यात पळालेले, तेव्हा चळवळ बायकांनीच उचलून धरली. त्यांनी मंडळं काढली, कैद्यांच्या घरच्यांसाठी पैसा उभा केला, आणि सभाबंदी असल्यामुळे क्लॅमबेक घातले. क्लॅमबेक म्हणजे समुद्रकाठी दगड तापवून त्यावर शेवाळ घालून शिंपल्या वाफवायच्या आणि सगळ्या गावानं मिळून खायच्या. एक मोठा क्लॅमबेक तर मुद्दाम सीमेपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या सीकाँकमध्ये घातला, तिथे मार्शल लॉ नव्हता ना. कॅथरीन विल्यम्स नावाची प्रॉव्हिडन्सची लेखिका यात पुढे होती, ती डॉरला नेमानं पत्रं लिहायची.

रुपेरी_कडा:
मालवणात तिसऱ्यांच्या जेवणावळीवर क्रांती झाली असती तर मी पहिली नाव नोंदवलं असतं.

नियमात_बसवा:
जेवणावळी झाल्या असतील तर चेपाचेट पण सांगा कुणीतरी. तोफ फसल्यावर तरी डॉर थांबला का? नाही.

प्रॉव्हिडन्सकर:
सांगतो. मेमध्ये पळाल्यावर कनेक्टिकट आणि न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरांनी त्याला धरून द्यायला नकार दिला. आधी तो वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष टायलरला भेटून आला होता, टायलर त्याला म्हणाला की सनदेचं सरकारच खरं, पण फौज मात्र त्यानं किंगलाही लगेच दिली नाही. न्यूयॉर्कला टॅमनी हॉलवाल्यांनी, म्हणजे तिथल्या डेमोक्रॅट पुढाऱ्यांनी, डॉरचा सत्कार केला, मिरवणूक काढली, मदतीची आश्वासनं दिली. आश्वासनांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

जूनच्या शेवटी तो चेपाचेटला आला. वायव्येकडचं छोटं गाव, ग्लॉस्टर तालुक्यातलं म्हणा. तिथे स्प्रेगच्या खानावळीत मुक्काम, आणि शेजारच्या एकोट्स हिलवर मातीचे बांध घालून तोफा ठेवल्या. हजारो येतील म्हणाले होते, आले काहीशे. समोरून सरकारची अडीच-तीन हजारांची फौज निघाली. २७ जूनला डॉरनं स्वतःच माणसांना घरी जायला सांगितलं आणि पुन्हा राज्य सोडलं. फौज पोचली तेव्हा टेकडी रिकामी होती. पॉटकेटच्या पुलापाशी मात्र सैनिकांनी गर्दीवर गोळी झाडली, त्यात अलेक्झांडर केल्बी मेला. तो नुसता बघ्या होता, पुलाच्या मॅसॅच्युसेट्सच्या बाजूला उभा असलेला.

एकोट्स हिल आता दफनभूमी आहे. मी ऑक्टोबरात गेलो होतो, टेकडी म्हणण्यासारखं फार काही नाही, सिंहगड चढणाऱ्यांनी अपेक्षा ठेवू नये.

अनघा_र:
आणि डॉरचं पुढे?

प्रॉव्हिडन्सकर:
१८४३ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी आपण होऊन प्रॉव्हिडन्सला परत आला आणि लगेच पकडला गेला. खटला मुद्दाम न्यूपोर्टला चालवला, तिथे सगळे त्याच्या विरोधात. राजद्रोह, जन्मठेप, सक्तमजुरी. १८४४ च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट लोक पोक आणि डॅलस या आपल्या उमेदवारांच्या जोडीला डॉरचं नाव घेऊन घोषणा देत होते, म्हणजे कैदी प्रचारात. लोकांचा रोष एवढा वाढला की १८४५ च्या जूनमध्ये सोडावं लागलं. तोवर तब्येत गेलेली. १८५१ मध्ये नागरी हक्क परत, १८५४ मध्ये विधिमंडळानं शिक्षाच रद्द केली, तर राज्याच्या कोर्टानं सांगितलं की कोर्टाचा निकाल पुसायचा अधिकार विधिमंडळाला नाही. त्याच वर्षी २७ डिसेंबरला तो गेला, ४९ व्या वर्षी.

वकिली_डोकं:
आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण हा प्रश्न खरंच सुप्रीम कोर्टात गेला होता. लूथर विरुद्ध बॉर्डन, १८४९.

मार्टिन लूथर (हो, नाव तेच) हा वॉरन गावचा चांभारकाम करणारा माणूस. डॉरच्या निवडणुकीत गावच्या सभेचा अध्यक्ष म्हणून बसला, म्हणून अल्जेरियन कायद्याखाली गुन्हेगार. २९ जून १८४२ ला लूथर बॉर्डन आणि इतर सैनिक त्याच्या घरात दार फोडून शिरले. तो घरात नव्हता, म्हातारी आई होती. त्यानं बॉर्डनवर दावा ठोकला, घरात घुसखोरी केल्याचा. आता गंमत बघा. बॉर्डन म्हणतो मी सरकारच्या हुकमानं घुसलो. लूथर म्हणतो ते सरकारच नव्हतं, खरं सरकार डॉरचं होतं, म्हणून तू सैनिक नाहीस, दरोडेखोर आहेस. म्हणजे एका दाराच्या भरपाईसाठी कोर्टानं ठरवायचं की १८४२ मध्ये ऱ्होड आयलंडचं सरकार कोणतं.

बॉर्डनच्या बाजूनं डॅनियल वेबस्टर उभा राहिला. सरन्यायाधीश टॅनी म्हणाले की हा राजकीय प्रश्न आहे, कोर्टाचा नाही. कुठल्या राज्यात कुठलं सरकार खरं हे काँग्रेसनं आणि राष्ट्राध्यक्षानं ठरवायचं. शिवाय आम्ही सनदेचं सरकार खोटं म्हटलं तर त्या काळातले सगळे कायदे, वसूल केलेले कर, दिलेले पगार, कोर्टांच्या शिक्षा, सगळंच रद्द धरावं लागेल. न्यायमूर्ती वुडबरींनी मार्शल लॉच्या मुद्द्यावर वेगळं मत लिहिलं, राज्याला अख्ख्या राज्यात लष्करी कायदा लावून घरात घुसता येत नाही म्हणून. बाकी सगळे टॅनीबरोबर.

तर मुळाकाठचा, तुमच्या 'खरा गव्हर्नर कोण' ला सुप्रीम कोर्टाचं उत्तर आहे की आम्हाला विचारू नका.

शेवटचा_बाक:
आमच्या तलाठ्यांनी पण हेच उत्तर दिलं असतं, एवढ्या लांब कशाला जायचं.

मुळाकाठचा:
वकिली_डोकं, दंडवत. पण टॅनींचा तो 'पगार रद्द धरावे लागतील' वाला भाग मला पळवाटच वाटतो. किती गैरसोय होईल हे बघून खरंखोटं ठरवायचं का? आणि काँग्रेस ठरवेल म्हणायचं, पण काँग्रेसमध्ये ऱ्होड आयलंडचे प्रतिनिधी कुणी निवडलेले, तर त्याच जमीनवाल्यांनी. फिरून भोपळे चौकात. हेच टॅनी पुढे १८५७ मध्ये ड्रेड स्कॉटच्या खटल्यात काळ्या माणसाला नागरिकच मानायला तयार नव्हते, तेव्हा मात्र राजकीय प्रश्न म्हणून हात झटकले नाहीत.

नियमात_बसवा:
ड्रेड स्कॉटबद्दल सहमत. डॉरबद्दल नाही. मी अजून म्हणतो की तीन मेला जेव्हा लोकांचं विधिमंडळ भरलं, स्टेट हाउसला कुलूप होतं, तेव्हा हे लोक एका अर्धवट बांधलेल्या फाउंड्रीत बसले, दोन दिवस ठराव केले आणि जुलैपर्यंत तहकूब करून घरी गेले. कुलूप तोडा म्हणून डॉर सांगत होता, सभासद तयार नव्हते. स्वतःच्या निवडलेल्या विधिमंडळाला जे नको होतं ते त्यानं पंधरा दिवसांनी रात्री दोनेकशे माणसं घेऊन केलं. हे बहुमताचं राज्य नाही, ही एका माणसाची घाई आहे.

मुळाकाठचा:
हा मुद्दा मात्र जड आहे. तोफांच्या रात्रीनंतर त्याच्याच बऱ्याच सभासदांनी राजीनामे दिले हेही खरं. तरी मी त्याला घाई नाही म्हणणार. विधिमंडळ जुलैत परत भरायच्या आत निम्म्यांना अटक झाली असती.

प्राजक्ता७८:
त्या आयरिश लोकांची १३४ डॉलरची अट शेवटी गेली कधी?

प्रॉव्हिडन्सकर:
१८८८ मध्ये, बॉर्न दुरुस्तीनं. पण पूर्ण नाही. राज्याच्या निवडणुकांपुरती गेली, शहरांच्या नगर परिषदेला मात्र मालमत्ता कर भरणाऱ्यांनीच मत द्यायचं हे तसंच ठेवलं. ते गेलं १९२८ मध्ये.

प्राजक्ता७८:
थांबा थांबा. १९२० ला बायकांना मत मिळालं ना देशभर? म्हणजे मधली आठ वर्षं प्रॉव्हिडन्सच्या गिरणीतली भाड्यानं राहणारी बाई राष्ट्राध्यक्ष म्हणून हार्डिंगला मत देऊ शकत होती, कूलिजला देऊ शकत होती, आणि गटार तुंबलं तर ज्याला बोलवायचं त्या नगरसेवकाला नाही?

प्रॉव्हिडन्सकर:
हो. तिचा नवराही नाही. तिचा घरमालक मात्र देऊ शकत होता.